बुडालेला उंबरा

१९५८ साली आत्याबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा माजघराचा उंबरा ओलांडताना त्यांना शालू सावरून पाय चांगला उचलावा लागला होता. "वीतभर उंच होता गं," त्या अजून सांगतात. मी १९८६ साली आले तेव्हा तो निम्म्यावर आला होता. आणि २००८ नंतर तर तो दोन बोटंच उरला. उंबरा खचला नव्हता. जमीन वर आली होती, दर पिढीला थोडी थोडी. आमच्यापैकी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. घरातली जमीन ही रोज झाडायची, पुसायची वस्तू. तिच्या पोटात काय आहे, हे कोण विचारतंय?

ते विचारायची वेळ माझ्यावर आली ती माझ्याच हट्टापायी, म्हणून हे लिहितेय.

बेळगावच्या जुन्या गल्लीतलं आमचं घर शंभरी ओलांडलेलं. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परसू. माजघरात नक्षीच्या फरशा होत्या, विटकरी आणि काळ्या रंगाच्या. मधल्या काही फुटल्या होत्या, सांध्यांत काळं बसायचं. शेजारणीच्या घरी आरशासारखी गुळगुळीत फरशी बसली, तशी मलाही हवी झाली. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे की गं, काय वाईट आहे त्यात?" मी ऐकलं नाही. कंत्राटदार म्हणाला, जुनं उखडायची काही गरज नाही, त्याच्यावरच सिमेंट टाकून बसवतो, चार दिवसांत काम. आणि त्यानं खरंच चार दिवसांत करून दिलं. भिंतींनाही खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा केला, पुसायला बरा म्हणून.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याच्या वरच्या कडेला ओल दिसली. नंतर तिथं पांढरी भुकटी फुलायला लागली. आमच्याकडं तिला लोणा म्हणतात. पोपडे निघाले, रंग दिला, पुन्हा निघाले. ओल दरवर्षी वर सरकत होती. २०१९ च्या श्रावणात बेळगावात जो पाऊस झाला, त्यानंतर आत्याबाईंच्या खाटेच्या उशाशी हात लावला तर भिंत गार, चिकट लागायची. त्यांचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी आधी खोली बदला म्हणून सांगितलं. साठ वर्षं त्या ज्या खोलीत निजल्या, त्या खोलीतून त्यांची खाट सोप्यात आणताना मला काय वाटलं, ते कागदावर नाही उतरवता यायचं.

मग आम्ही एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यांनी भिंतीला हात लावला, फरशीवर काठी आपटून पाहिली आणि मला विचारलं, "वैनी, निरांजनात तेल खाली असतंय, मग ज्योत वर कशी पेटतीया?" म्हटलं, वात तेल ओढून घेते. "तसंच हाय हे. भिंत म्हंजे वात."

जमिनीच्या पोटातली ओल मातीच्या बारीक कणांमधून वर चढते. कण जितके बारीक, तितकी ती उंच चढते. पूर्वी आमच्या माजघराखालची ओल सगळ्या जमिनीभर थोडी थोडी वर यायची आणि फरशांच्या सांध्यांतून वाळून जायची. मी वरून झाकण घातलं. झाकणाखाली कोंडलेली ओल मग कडेला सरकली आणि जिथं वाट मिळाली तिथून, म्हणजे भिंतीतून, वर गेली. भिंतीलाही सिमेंट लावून मी तिचं तोंड बांधलं होतं, म्हणून ती त्याच्याही वर चढून बाहेर पडली. येताना मातीतले, विटांतले क्षार घेऊन आली. पाणी उडून गेलं, क्षार मागं राहिले. तोच लोणा.

आमच्यात चातुर्मासात जमीन खणत नाहीत. पावसात चरात पाणी भरतं म्हणून गवंडीही त्या दिवसांत खणायला राजी नसतात. म्हणून काम दिवाळीनंतर काढलं. माजघराच्या कोपऱ्यात भिंतीपासून हातभर सोडून एक खड्डा घेतला. कापलेल्या केकसारखे थर दिसायला लागले. आत्याबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या, आणि प्रत्येक थर निघाला की हा कधीचा, हे त्याच सांगत होत्या.

सगळ्यात वर माझी गुळगुळीत फरशी आणि तिच्याखालचं सिमेंट. पाण्याचा थेंबही जाऊ न देणारा थर. सिमेंट ही गोष्ट आपल्याकडं तशी नवीच. इंग्लंडच्या लीड्स गावातल्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडं पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघायला लागलं ते १९१४ साली. त्याआधीची आपली सगळी घरं, वाडे, किल्ले, देवळं, बसद्या सिमेंटाशिवायच उभी राहिली.

त्याखाली आत्याबाईंच्या नक्षीच्या फरशा. "ह्या बासष्ट साली घातल्या. तुझ्या सासऱ्यांनी स्वतः नक्षी निवडली." ह्या फरशा भट्टीत भाजलेल्या नसतात. पितळी साच्याच्या घरांमध्ये रंगीत सिमेंटचा पातळ रस ओततात, साचा उचलतात, मागून कोरडं वाळू-सिमेंट भरून यंत्रानं दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. असल्या फरशा पूर्वी विलायतेहून यायच्या, राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या बंगल्यांत बसायच्या. १९२२ साली सिधवांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला, तो स्वदेशीच्या भरात. मग हळूहळू त्या आमच्यासारख्या मध्यम घरांतही आल्या. रंग वरचे दोन-तीन मिलिमीटरच असतो, पण साठ वर्षं बायकांनी पुसल्यावर त्याला जी मऊ चमक येते, ती विकत मिळत नाही.

सोप्यात मात्र आधीपासून शहाबादी होती. कलबुर्गीजवळचं शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. १८७१ साली सोलापूरहून रायचूरपर्यंत रेल्वे झाली, ती शहाबादवरून गेली, आणि तिथला चुनखडीचा दगड वाघिणी भरून सगळीकडं जाऊ लागला. हा दगड जात्याच थराथराचा. छिन्नीनं मारलं की पाटासारखा सुटतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी साठलेला गाळ तो. हैदराबादेत, सोलापुरात, विजापुरात, आमच्याकडं, जिथं म्हणून जुनी घरं आहेत तिथं पायांखाली हाच गाळ आहे.

फरशांच्या खाली चार-पाच इंच जाडीचा चुन्याचा कोबा निघाला, विटांच्या तुकड्यांचा. पहारीलाही तो सहज तुटेना. चुना भाजून, विझवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा. त्यात विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, घातली की तो ओलीतही घट्ट होतो. गुळाचं पाणी घालायचं. मग अंथरून लाकडी थापीनं बडवायचा. एक दिवस नाही, कित्येक दिवस, थापीचा ठसा उमटायचा थांबेपर्यंत. आणि हे बडवायचं काम बायकांचं. रांगेनं उकिडव्या बसून, एका लयीत, गाणी म्हणत. आत्याबाईंना ते आठवतंय. "दहा-बारा जणी होत्या. आवाज आला नाही की मुकादम ओरडायचा. एकीचं तान्हं पोर परसात झोळीत."

हा कोबा आपल्याकडचाच असंही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्हित्रुव्हियस नावाच्या रोमन स्थपतीनं जमीन कशी करावी ते लिहून ठेवलंय. खाली मुठीपेक्षा लहान नसतील असे दगड. त्यावर फुटके दगड आणि चुना, लाकडी बडवण्यांनी चोपून पाऊण फूट. त्यावर कुटलेली कौलं तीन भाग आणि चुना एक भाग. आणि मग वर फरशी. आमच्या माजघराच्या खड्ड्यात बघितलं तर क्रम तोच होता. ओल आणि वजन सगळीकडं सारखंच वागतं, त्यामुळं त्यांना दिलेली उत्तरंही सारखीच निघतात. फरक एवढाच की त्यानं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं ते गवंड्याच्या हातात आणि बायकांच्या थापीत राहिलं.

कोब्याच्या खाली जे निघालं ते बघून आत्याबाई उंबऱ्यावरून उठल्या. काळपट-पिवळसर थर, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. शेणानं सारवलेली जमीन! कितीतरी वर्षांचं सारवण. त्यांनी त्याचा एक तुकडा हातात घेतला, नखानं पदर सोडवला. "ह्यातले वरचे चार वर्षांचे माझे," म्हणाल्या. "खालचे सासूबाईंचे. त्याखाली त्यांच्या सासूचे असतील."

मला त्या क्षणी नर्मदाकाठची नावडातोली आठवली. इंदूरच्या आमच्या नणंदेकडं गेलो होतो तेव्हा महेश्वरच्या घाटावरून पलीकडच्या तीरावरचं ते टेकाड पाहिलं होतं. डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं विद्यापीठ यांनी १९५२-५३ मध्ये तिथं उत्खनन सुरू केलं, हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं ते वाढवलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या झोपड्या. भिंती केव्हाच गेलेल्या, छपरं गेलेली. राहिली ती जमीन. माती आणि शेण चोपून केलेली, तिच्यावर चुन्याचा हात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ पर्यंत खणलं, शंभराहून जास्त घरं उजेडात आली, तिथंही घर ओळखायची खूण म्हणजे चोपलेली जमीन आणि तिच्यातली खांबांची भोकं. जमिनीवर जमीन मिळाली की तिथं माणसं टिकून राहिली असं समजायचं. त्या जमिनी कुणी सारवल्या असतील, हे वेगळं सांगायला नको. राजांच्या इतिहासाला ताम्रपट असतात, शिलालेख असतात. बायकांच्या रोजच्या कामाचा लेख असलाच तर तो हा असा, पायाखाली, थर मोजून वाचायचा.

सारवण काढल्यावर हातभर मुरूम. मुरूम म्हणजे खडकाची झीज होऊन झालेला भुगा. तो भिजला तरी फुगत नाही, चोपला की गच्च बसतो. आणि त्याखाली दगडांचे रोडे आणि चिऱ्याचे तुकडे, उभे लावलेले, मधे पोकळ्या. गवंडी म्हणाले, "हितं वात तुटती." बारीक मातीतून चढणारी ओल मोठ्या दगडांपाशी आली की तिला वर ओढणारे बारीक रस्तेच नसतात. आजच्या बांधकामातला सोलिंगचा थर तो हाच. आमच्या घरात तो होता, पण कडेला, भिंतीलगत, शंभर वर्षांत माती भरून बुजला होता. शिवाय बाहेरच्या गल्लीचा रस्ताही दर डांबरीकरणाला वर आलेला. घराचं जोतं कधीकाळी रस्त्यापासून दोन फूट होतं, आता चार बोटं. आत उंबरा बुडाला, बाहेर जोतं बुडालं.

ओल अडवायची धडपड किती जुनी! मोहेंजोदडोचं ते मोठं स्नानकुंड १९२५-२६ साली उकरलं गेलं. त्याच्या विटा जिप्समच्या चुन्यात कडेवर उभ्या लावलेल्या, आणि त्यांच्यामागं इंचभर डांबराचा थर. साडेचार हजार वर्षांपूर्वी! पाणी बाहेर जाऊ नये म्हणून तो होता. आज जोत्याच्या उंचीला भिंतीखाली काँक्रीटचा आणि डांबराचा जो पट्टा घालतात, तो पाणी आत येऊ नये म्हणून. युक्ती तीच.

मुरमाच्या बाजूला भिंतीचा पाया दिसत होता. वरची भिंत दीड हात, खाली पायरी-पायरीनं रुंद होत तीन हातांवर गेलेली. उभ्या माणसानं पाय फाकवून उभं राहावं तशी. तेवढंच वजन जास्त जागेवर पसरलं की जमीन कमी दबते. पायाचं सगळं शास्त्र त्या एका गोष्टीपासून सुरू होतं. बाकी मग जमीन कसली, त्यावर अवलंबून.

बेळगाव शहराखाली लाल माती आणि जांभा. हाच जांभा पुढं गोव्यात चिरा होतो. खाणीत कुऱ्हाडीनं कापता येतो इतका मऊ, हवेवर ठेवला की कडक. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं १८०७ साली आपल्या मलबारच्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट हे नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. गोव्यातल्या माझ्या मावशीचं घर चिऱ्याच्या पायावर, चिऱ्याच्याच भिंतींचं. तिथं पाया खोल न्यावा लागत नाही, पण जोतं उंच लागतं, कारण पाऊस.

उलट माझं माहेर पूर्वेला, अथणीकडं. तिथं काळी. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर हलकं घर उथळ पायावर बांधलं की माती त्याला दर वर्षी उचलते आणि सोडते. भिंतीला तिरके तडे जातात. आमचे आजोबा म्हणायचे, काळी पीक देते, घर देत नाही. म्हणून काळी खणून खालच्या मुरमापर्यंत जायचं. आणि मुरूम फारच खोल असेल तर? रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं त्यावर खांबांचा पाया विकसित केला. खालच्या टोकाला गाजरासारखा नाही, उलटा, कांद्यासारखा फुगीर खांब. वरची माती फुगो की आकसो, तो खाली स्थिर जमिनीत रुतून राहतो.

आणि ज्यांनी वाळूवर बांधलं तेही काही वेडे नव्हते. वारंगळजवळ पालमपेटचं रामप्पा देऊळ १२१३ सालचं, काकतीय राजा गणपतीदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र यानं बांधवलेलं. २०२१ साली ते जागतिक वारशात आलं. त्याच्या पायाचा खड्डा वाळूनं भरलेला आहे. चहूबाजूंनी कोंडलेली वाळू वजनानं पळून जात नाही, आणि हादरा आला तर तो थोडा जिरवते. कोंडली नाही तर मात्र तीच वाळू पायाखालून निसटते. जमीन चांगली की वाईट हे तिला कसं वागवलं त्यावरही असतं.

ह्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आले. चिक्कोडी भागातल्या आमच्या नात्यातल्या दोन घरी पाणी शिरलं. मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या होत्या. ओसरल्यावर पडल्या. भिजलेला तळ वरचं वजन पेलेना. एका घराचं दगडी जोतं कमरेएवढं उंच होतं, ते राहिलं. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "मेलेल्या आजेसासऱ्यांच्या पाया पडले. त्यांच्या वेळी सगळे त्यांना हसले होते म्हणे, एवढं उंच कशाला म्हणून."

आमच्या माजघराचं शेवटी काय केलं ते सांगते, कारण पुष्कळ जणींना हेच विचारायचं असेल.

माझी गुळगुळीत फरशी सगळी काढली. आत्याबाईंच्या फरशा एकेक सोडवल्या. शंभरातल्या ऐंशी धड निघाल्या. भिंतीवरचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. जमिनीत खालपर्यंत जाऊन, बुजलेले दगड काढून, धुऊन परत लावले. त्यावर मुरूम, पाणी मारून, वीत-वीत जाडीचे थर देत, धुम्मस करून. एकदम सगळा भरून चोपला तर वरचाच घट्ट होतो, खालचा पोकळ राहतो आणि दोन वर्षांनी फरशी खचते. हे काम लपून राहतं, म्हणून घाई इथंच होते. मग चुन्याचा थर आणि त्यावर जुन्या फरशा. वीस कमी पडल्या तिथं कडेनं शहाबादी पट्टी. बाहेर परसाच्या बाजूनं भिंतीला लागून चर खणून त्यात खडी भरली, पाणी भिंतीपाशी थांबू नये म्हणून. चार दिवसांचं काम नव्हे, अडीच महिने लागले. खर्च आधीच्या तिप्पट.

धुम्मस करायला विजापूरकडच्या दोन बाया होत्या. त्यांतली एक मला कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, ही तर सगळी आत जाणार, कोण बघणार?" मी म्हटलं, "आम्ही बघितलंय." तिला ते कळलं की नाही, माहीत नाही.

भिंत लगेच नाही वाळली. दोन उन्हाळे गेले. नव्या चुन्यावरही पहिल्या वर्षी लोणा फुलला, तो नुसता कोरड्या कुंच्यानं झाडत राहायचं. तिसऱ्या वर्षी थांबला.

जुन्या घराची जमीन बदलायला काढाल तेव्हा एवढंच करा. आधी एक हातभर खड्डा घ्या, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिथं खुर्ची टाकून बसवा. खाली काय आहे ते तिला माहीत असतं. मला विचारायचं सुचलं नाही, अकरा वर्षं गेली.

सारवणाचा तो तुकडा आत्याबाईंनी एका डबीत ठेवलाय. माजघरात त्यांची खाट परत जुन्या जागी आहे. जमीन तीन बोटं खाली गेली, उंबरा तेवढा वर आला. परवा नातसून गृहप्रवेश करून आली तेव्हा आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "पाय उचल गं बाई, उंबरा आहे."